यशोगाथा राहू दे, आधी फोन लाव

अक्का, नमस्कार.

मी एकतीस वर्षांची. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात बालहक्कांचा प्रकल्प आहे, तिथं साडेतीन वर्षं काम करते. करार अकरा महिन्यांचा, मग ब्रेक, मग पुन्हा वर्क ऑर्डर. एमएसडब्ल्यूच्या पोरांना क्षेत्रकार्याला न्यायचं, गावात किशोरींच्या बैठका घ्यायच्या, बालविवाहाची खबर लागली की ग्रामसेवकाच्या मागं लागायचं, आणि बाल कल्याण समितीनं नेमलं की पोक्सोच्या, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये लेकराला आधार द्यायला सपोर्ट पर्सन म्हणून सोबत जायचं, असं सगळं.

दोन वर्षं एका मुलीसोबत होते. आईवडील ऊसतोडीला, ही गावात नातेवाइकांकडं ठेवलेली. तिथंच ते झालं. अकरा तारखा झाल्या, एकही मी चुकवली नाही. एक तर माझ्या ब्रेकमध्ये आली, पदरचं तिकीट काढून गेले. बाराव्या तारखेला तिची साक्ष होती. ती म्हणाली, असं काही झालंच नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आरोपी सुटला. नंतर कळलं की तो ऊसतोडीच्या मुकादमाच्या भावकीतला आणि तिच्या बापानं मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली असं समजायचं ठरलं होतं.

याला पाच महिने झाले. आता विभागात नॅकची, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा ठरवणाऱ्या तपासणीची धांदल आहे. सर म्हणतात, प्रकल्पाची एक यशोगाथा द्या, फोटोसकट. हीच केस द्या, दोन वर्षं साथ दिली हे खरंच आहे, निकालाचं लिहू नका. मला झोप नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला शेजारी खेळायला सोडत नाही. परवा दिरांनी त्याला उचलून घेतलं तर मी किंचाळले. सासूबाई म्हणतात, सोड हे, शाळेत लाग. मलाही तेच वाटायला लागलंय. काय करू?

ता.क. ती मुलगी अधूनमधून मिस्ड कॉल देते. मी परत फोन करत नाही.

– थकलेली


थकलेली बाई,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला एका ओळीचा मेसेज टाकला होता, "ती सध्या कुठं राहते?" तुझं उत्तर आलं, "माहीत नाही अक्का. फोन लावायचा धीर होत नाही. लावून बोलू काय?" सदर रविवारी जातं. पण हे मी आज रात्रीच लिहून आधी तुला पाठवतेय, मग छापायला देईन.

आधी एक रागवायचं राहिलंय ते उरकते. तू पत्रात मुलीचं नाव लिहिलंस, गाव लिहिलंस, आरोपीशी नातं काय तेही लिहिलंस. मी ते सगळं काढलंय, दोनचार तपशील फिरवलेत. थकलेल्या माणसाचं असं होतं, मी समजू शकते. पण मी तुझी कोण? सदर लिहिणारी एक म्हातारी. लेकराची ओळख उघड करायची नाही, हे बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 तू पोरांना वर्गात शिकवतेस ना? मग झालं.

आता तुझ्या ताजाकलमाविषयी. दोन पानांचं पत्र, नोकरी, सर, सासूबाई, झोप, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ती ओळ. मला वाटतं तुला पत्र या ओळीसाठीच लिहायचं होतं, वरचं सगळं तिथवर पोचायला लागलेलं अंतर आहे.

जरा दिनदर्शिका समोर घे. साक्ष झाली तेव्हा पाऊसकाळ होता, ऊसतोडीच्या टोळ्या गावात होत्या. आता साखर कारखाने चालू आहेत. तिचे आईवडील दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून गेले असतील आणि पाडव्याच्या आसपासच येतील. मग ती कुठं आहे? दोनच शक्यता मला दिसतात. एक म्हणजे ती त्यांच्यासोबत उसाच्या फडावर आहे, पाचटाच्या कोपीत राहते, उसाचे वाढे बांधते, धाकट्याला सांभाळते, आणि शाळा सुटली. दुसरी म्हणजे ती गावात आहे, मागच्यासारखीच कुणाकडं तरी ठेवलेली. आणि तो माणूस आता सुटून त्याच गावात मोकळा फिरतोय.

मिस्ड कॉल कोणत्या नंबरवरून येतो ते बघ. घरात एकच फोन असेल आणि तो आईबापाजवळ असेल, तर त्या नंबरवरून येणारा कॉल म्हणजे ती फडावर आहे. वेगळा नंबर असेल तर ती गावात आहे, आणि मग तो नंबर कुणाचा हे तुला कळायला हवं. माझं चुकतही असेल. चुकलं तर बरंच.

तुझ्या क्षेत्रातली एक जुनी गोष्ट सांगते. अडचणीतल्या लेकरांसाठीचा 1098 हा मदतीचा नंबर आज आपल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. तो सुरू झाला 1996 साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका विभागाचा प्रकल्प म्हणून. म्हणजे तुझ्यासारख्याच, विद्यापीठाच्या पदरी राहून लेकरांचं काम करणाऱ्या माणसांनी तो उभा केला. पुढं तो देशभर गेला, 2023मध्ये सरकारनं तो आपल्या यंत्रणेत घेतला आणि आणीबाणीच्या 112ला जोडला. त्या फोनवर बसलेल्या कुणालाही विचार, कितीतरी फोन मुके यायचे. लेकरू नंबर फिरवतं, पलीकडून श्वास ऐकू येतो, मागं कुठं तरी भांडं पडतं, आणि कट. पुन्हा दोन दिवसांनी तेच. कधी पाचव्या-सहाव्या वेळेला पलीकडून पहिला शब्द यायचा. म्हणून तिथं बसणाऱ्यांना शिकवलेलं असायचं की मुका फोन आपण होऊन ठेवायचा नाही, आपण बोलत राहायचं.

तिचा मिस्ड कॉल मला तसला वाटतो. रिचार्ज नसेल हेही खरं. पण रिचार्ज नसलेली माणसं ज्यांना मिस्ड कॉल देतात ती मोजकी असतात.

बोलायचं काय, तर "जेवलीस का गं" यापासून सुरू कर. केसचा विषय काढू नकोस. "का बोललीस तसं" हे तर कधीच विचारू नकोस, आज नाही, वर्षानं नाही. तीच म्हणाली की मॅडम तुम्ही चिडलात ना, तर खोटं बोलू नकोस. "चिडले होते, आता नाही" एवढं पुरे. मग सहज विचार: आई कुठंय, शाळा चालू आहे का, सोबत कोण आहे, रात्री कुणाजवळ झोपतेस. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि तो स्वैपाकपाण्याच्या गप्पांच्या ओघात विचारला तर कुणाला वावगा वाटत नाही. ती हो-नाहीतच बोलत असेल तर जवळ कुणी तरी आहे असं समज. मग तूच बोल, तिला फक्त हुंकार देता येईल असं विचार. फोन पुरुषानं उचलला तर किशोरी गटाची मॅडम बोलतेय, तिच्या आईशी बोलायचंय, असं सांग. ते खरंच आहे.

आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस. द्यावंसं वाटेल. पण तिनं पुन्हा काही घडल्याचं सांगितलं तर तुला ते कळवावंच लागेल, पोक्सोच्या कलम 19नं आपल्याला दुसरी वाट ठेवलेली नाही. तेव्हा वचन मोडण्यापेक्षा आधीच म्हण, "मी एकटी नाही, माझ्यासोबत समितीची माणसं आहेत, जे करू ते तुला सांगून करू."

केस पडली म्हणून समितीचं दार बंद होत नाही, हे तुला ठाऊक आहे पण या पाच महिन्यांत तू विसरलीस असं दिसतं. ती अठराची होईपर्यंत काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून समिती तिचा विचार करू शकते, त्याला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का, जवळच्या तालुक्यात कस्तुरबा गांधी विद्यालय आहे का, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं काढलेल्या शासकीय वसतिगृहात जागा आहे का, हे फोन करायच्या आधी बघून ठेव. "काळजी करू नकोस" म्हणण्यापेक्षा "अमुक ठिकाणी खाट आहे" म्हणता आलं तर लेकरू ऐकतं.

आणि लग्नाचं विचार. नीट विचार. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्नं लवकर लावतात, हा हिशोब तुला मी सांगायला नको. केस झालेल्या मुलीचं लग्न तर घरचे आणखीच घाईनं उरकतात. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या सुमारे बावीस निघाल्या. परभणी आणि बीडमध्ये हाच आकडा चाळीसच्या वर आहे. सोयरीक ठरल्याचा वास जरी आला तरी हळदीची वाट बघू नकोस. ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. आणि लग्नाआधी मॅजिस्ट्रेटकडून मनाई हुकूम आणला तर तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. मांडवात जाऊन भांडण्यापेक्षा तो कागद जास्त कामाचा.

आता तुझ्या रागाविषयी. तू त्याला अपयश म्हणतेस, मला त्यात राग जास्त दिसतो. "माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही" हे वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं होतंस, छापताना मी एकदाच ठेवलं.

बाई, तिनं ते किती वेळा सांगितलं होतं मोज. आधी आईला. मग ठाण्यात, आणि तिथं महिला अधिकारी साध्या कपड्यात होती का हे तूच जाणे. मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरला. मग समितीसमोर. मग मॅजिस्ट्रेटपुढं जबाब. मग साक्षीच्या आधी सरकारी वकिलाला. सहा वेळा. सातव्यांदा सांगायचं होतं न्यायालयात, घटनेला दोन वर्षं होऊन गेल्यावर. कायद्यात साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात असं लिहिलंय. त्या दोन वर्षांत बाप उचलीखाली दबलेला, आई रोज रात्री रडणारी, आणि धाकटी भावंडं. सातव्या वेळेला ती नाही म्हणाली.

अमेरिकेत अलाबामा राज्यात हंट्सव्हिल म्हणून गाव आहे. तिथं 1985 साली बड क्रेमर नावाच्या सरकारी वकिलानं याच दुखण्यावर तोड काढली. लेकरानं ठाणं, दवाखाना, कचेरी असं हिंडत तेच ते सांगण्यापेक्षा लेकराला एका ठिकाणी बसवायचं आणि या सगळ्यांनी तिथं यायचं. पुढं तिकडं अशी शेकडो केंद्रं झाली, आणि मुलांच्या बाजूनं उभं राहणं हा विद्यापीठात शिकवायचा विषय झाला. आपल्याकडं कायद्यातली कलमं त्या वळणाची आहेत. उलटतपासणीचे प्रश्नसुद्धा वकिलानं थेट लेकराला विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे, असं आहे. पण तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराला येऊन जिन्याखाली बसायचं, चारला पुकारा व्हायचा आणि साहेब रजेवर, पुढची तारीख, हे कुठल्या कलमात येत नाही.

तू त्या जिन्याखालचं एक चित्र लिहिलं होतंस. कोर्टाबाहेरच्या रसवंतीवर तू तिला उसाचा रस पाजायला नेलंस, तर ती म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात कुणी रस पीत नाही." मग तुम्ही दोघींनी डब्यातले धपाटे खाल्ले आणि तिनं तुला झेरॉक्सवाल्याच्या मशीनचा आवाज काढून दाखवला. मी यावर बराच वेळ थांबले. ज्या दिवशी तिनं हे केलं, त्या दिवशीचं तुझं काम पूर्ण झालं होतं, असं मला वाटतं. बाराव्या तारखेनं ते पुसलं जात नाही. आणि तिनं साक्षीला तुझ्याकडं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिला ते बोलता आलं नसतं. हा माझा अंदाज आहे, पण सत्तावीस वर्षं लेकरांचे जबाब ऐकत काढलेल्या बाईचा अंदाज आहे.

साक्षीदार लेकरू फिरणं हे तुझ्याच नशिबी आलं असंही समजू नकोस. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या बालक आणि कायदा केंद्रानं 2017 साली महाराष्ट्रातल्या पोक्सो न्यायालयांचा अभ्यास केला, त्यातही हीच दुखरी जागा निघाली: आरोपी ओळखीचा, घरातून दबाव, आणि साक्षीच्या दिवशी लेकरू गप्प. तो अहवाल मिळव आणि तुझ्या विद्यार्थ्यांसोबत वाच. एक गोष्ट त्या मुलीलाही कधी तरी कळू दे. फितूर झाली म्हणून आता आपल्यालाच पोलीस पकडतील, ही भीती कित्येक लेकरांच्या मनात असते. पोक्सोच्या कलम 22मध्ये स्पष्ट लिहिलंय की लेकरानं दिलेली माहिती खोटी ठरली तरी त्याला शिक्षा नाही. कदाचित तिला फोनवर हेच विचारायचं असेल.

यशोगाथेचं थोडक्यात सांगते, कारण त्यात विचार करण्यासारखं फार नाही. द्यायची नाही. फोटो पाठमोरा असो, चेहरा धुरकट केलेला असो, गावाला वेणीवरूनसुद्धा मुलगी ओळखू येते. कलम 74 फक्त नावापुरतं नाही, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही त्यात येतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरांना हे तोंडी सांगू नकोस, चार ओळींचं पत्र दे आणि आवक क्रमांक घे. सर वाईट आहेत असं मला वाटत नाही, त्यांच्यामागंही कुणी तरी फाईल घेऊन लागलंय. म्हणून नुसता नकार देऊ नकोस, दुसरं काही हातात ठेव. तुझ्या अकरा तारखांचा हिशोब काढ. किती किलोमीटर गेलीस, किती तास बसलीस, किती वेळा काम न होता परत आलीस, कोणत्या कारणानं, तिकिटाचे पैसे कुणी दिले. सगळ्या केसेसचा एकत्र काढ, म्हणजे कुणा एका लेकराकडं बोट जाणार नाही. विद्यापीठानं छापावं असं काही असेल तर हे आहे, आणि ते वाचून एखाद्या न्यायाधीशाला किंवा समितीच्या अध्यक्षाला उपयोग होईल. नॅकवाल्यांना आवडेल की नाही ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची मला फारशी फिकीरही नाही.

तुझ्या मुलाचं आणि झोपेचं मात्र मला गंभीर वाटतं. दुसऱ्याच्या लेकराचं दुखणं रोज ऐकणाऱ्याच्या अंगात ते मुरतं. मग प्रत्येक दीर, प्रत्येक शेजारी, प्रत्येक रिक्षावाला तसलाच दिसायला लागतो. मलाही दिसायचे. माझ्या मुलीला मी दहावीपर्यंत मामाच्या गावाला एकटं जाऊ दिलं नाही, ती अजून ते काढून दाखवते. मुलाला अंगाला हात लावण्याबद्दल शिकव, ते शिकवायलाच हवं, पण त्याला दाराआड कोंडणं म्हणजे शिकवणं नव्हे. दिरांशी नवऱ्यामार्फत बोल. केसचं काही सांगायची गरज नाही, "कामाचा ताण डोक्यात गेलाय, तुमच्यावर नव्हतं ते" एवढं म्हटलं की माणसं समजतात. मराठवाड्यात भावकी अबोल्यावर जास्त तुटते.

आणि झोपेसाठी कुणाशी तरी बोल, माझ्याशी नव्हे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारनं काढलेल्या टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथं गेलीस तर कुणी ओळखीचं भेटेल ही भीती वाटेल, त्याला इलाज नाही. पाच महिने झोप नसणं हा आजार आहे, ताप आला असता तर तू दुसऱ्या दिवशी गोळी घेतली असतीस.

नोकरीबद्दल तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. या महिन्यात ठरवू नकोस. सोडायला माझी हरकत नाही. हे काम जन्मभर केलंच पाहिजे असं काही नसतं, आणि बी.एड. करून शाळेत गेलीस तरी तिथंही लेकरंच आहेत, तुझ्यासारखी बाई शाळेत असली तर एखाद्या लेकराचं सहा महिने आधी लक्षात येईल. पण आत्ता सोडलीस तर तू त्या मुलीवर चिडून सोडशील, आणि ते तुझ्या अंगातून निघणार नाही.

राहायचं असेल तर विभागाकडून काही गोष्टी लिहून मागून घे. कराराचा ब्रेक लेकराच्या तारखेच्या आड येता कामा नये. तेवढ्या दिवसांसाठी दुसरं माणूस नेमावं आणि ते लेकराला आधी भेटलेलं असावं. प्रवासखर्च रोख मिळावा. महिन्यातून एकदा कुणा जाणत्या माणसासमोर बसून मनातलं बोलता यावं, आणि त्या बैठकीत अहवालाचा विषय निघू नये. विभागात तसं कुणी नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात शोध. तुळजापूरला टाटा संस्थेचा परिसर आहे, बाकी समाजकार्याची महाविद्यालयंही आहेत, तिथं तुझ्यासारख्या चारपाच जणी नक्की निघतील. महिन्याच्या एका शनिवारी जमा, चहा करा, दार लावून घ्या. मी नोकरीत होते तेव्हा आम्ही तिघी हे करायचो. निम्मा वेळ बदल्यांच्या गप्पा व्हायच्या, तरी उपयोग व्हायचा.

मानधनाचंही बोल, लाजू नकोस. पोक्सोच्या 2020च्या नियमांत लिहिलंय की सपोर्ट पर्सनचा मोबदला कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावा. ऑगस्ट 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सपोर्ट पर्सन ही ऐच्छिक सोय नाही, असं ठणकावून सांगितलंय. तेव्हा तू काही उपकार मागत नाहीस.

आणि सोडायचंच ठरलं तर सांगून सोड. हे मी माझ्या चुकीवरून सांगतेय. एका बालगृहात परिवीक्षा अधिकारी होते तेव्हा रेल्वेच्या फलाटावर सापडलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो कुणाशीच बोलायचा नाही, फक्त माझ्या टेबलाशेजारी येऊन बसायचा. माझी बदली झाली. त्याला सांगितलं तर रडेल, म्हणून मी न सांगता गेले. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी काही महिन्यांनी बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "बाई, साडेदहाची यष्टी आली की अजून जाऊन फाटकात उभं राहतंय ते." रडला असता तर बरं झालं असतं. तुझ्याकडं आत्ता जी चारपाच लेकरं असतील त्यांना एकेकाला भेट, कधीपासून येणार नाहीस ते सांग, पुढं कोण येणार त्याचा हात त्यांच्या हातात दे, आणि समितीला लेखी कळव. एवढं करून गेलीस तर तुला कुणी काही म्हणणार नाही, मीही नाही.

पण ते पुढचं. या मुलीसाठी तुझी नेमणूक संपलेली आहे, तेव्हा फोन झाल्यावर समितीला कळवून ठेव की तू संपर्कात आहेस. गुपचूप मावशी होऊन बसू नकोस, पुढं तुझ्याच अंगाशी येईल आणि तिच्याही. तिच्या आईला कळलं तरी बिघडत नाही. त्या बाईलाही कुणी विचारलेलं नाही गेल्या पाच महिन्यांत, असं मला आपलं वाटतं.

ती गावात असेल तर दुपारी शाळेच्या सुट्टीत फोन लाव, तेव्हा घरातले शेतात असतात. फडावर असेल तर सकाळी अजिबात नको, पहाटे चारपासून तोड चालू असते. गाडी भरून झाली, चूल पेटली की सातच्या पुढं लाव. रेंज जाते, दोनतीनदा लावावा लागेल. आणि पहिल्यांदा पलीकडून कुणी काही बोललं नाही, तर ठेवू नकोस.

– अक्का